झूल पांघरलेली मोटार

आमच्या कोठ्यात, म्हणजे गोठ्यात, दोन बैल आणि एक मोटार शेजारी शेजारी उभी असत, आणि घरात कोणालाच त्यात काही वावगं वाटत नसे. बैल पटाचे होते. आमच्याकडे बैलजोड्यांच्या शर्यतीला शंकरपट म्हणतात, आणि बाबांना त्याचा असा नाद की औताचा बैल दुबळा राहिला तरी चालेल, पटाच्या बैलाला सरकी कमी पडता कामा नये. मोटारही त्यांनी पळवायलाच घेतली होती. अकोल्याच्या एका कापसाच्या जिनवाल्यानं देश सोडून जाणाऱ्या कुणा साहेबाकडून घेतलेली आणि मग बाबांना विकलेली, दोन माणसांची, बिनटपाची, लांब नाकाची, तारांच्या चाकांची लाल गाडी. पुढचं झाकण चामडी पट्ट्यानं बांधलेलं. बाबांनी पहिल्या दिवशी तिच्याभोवती चक्कर मारली, झाकणावर थाप मारली आणि जिनवाल्याच्या ड्रायव्हरला विचारलं, "दात कायचे पाह्याचे हिचे?" तो हसला. बाबा हसले नाहीत. जनावर घेताना जे जे बघायचं ते बघितल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

आमचं गाव मालेगावहून मेडशीला जाणाऱ्या रस्त्याला लागून. घर मोठं, पण माणसं मोजकी. बाबा, माय, माझा मोठा भाऊ दिगंबरदादा, मी, आणि जनावरांचं सगळं बघणारा महादू. पहाटे मायच्या जात्याची घरघर, मग गोठ्यातल्या घुंगरांची हालचाल, मग हवा पडलेली असली तर लांबून जऊळक्याच्या स्टेशनातून निघालेल्या आगगाडीची शिट्टी. उन्हाळ्यात सकाळी आंबील, दुपारी ज्वारीची भाकर, मिरचीचा ठेचा, कधी बेसनाच्या पातोड्यांचा रस्सा, तो इतका जहाल की खाणारा कानशिलं पुसत बसायचा. त्यात मोटार आल्यापासून एका आवाजाची भर पडली. संध्याकाळी दादा तिला घेऊन आला की झाकणाखालून वाफेचा फुस्कारा यायचा, आणि भाकरी थापता थापता माय म्हणायची, "आली तुमची पेटलेली चूल."

गाडी तापायची. दादा तिला पटात पळवल्यासारखाच पळवायचा. सरळ रस्ता दिसला की पाय पूर्ण दाबायचा, वळण आलं की दुसऱ्या पायानं तितकाच जोर ब्रेकवर. दोन-तीन कोस गेलं की समोरच्या तबकडीतला काटा तांबड्या रेघेला जाऊन टेकायचा आणि नाकातून पाणी उसळायचं. मग कुणीतरी गावात निरोप आणायचा, महादू बैल सोडायचा आणि आमची पळणारी मोटार दोरखंड बांधून घरी आणली जायची. शेतावरून परतणारे लोक बांधावर थांबून बघत. एकदा एक म्हातारा बाबांना म्हणाला, "देसमुख, बैलायले ओढायले एवढं मोठं लाल वझं कायले घेतलं?" बाबांनी तो शब्द कित्येक दिवस गिळला नाही, उगाळत राहिले.

घरी आल्यावर बाबांचा एक नेम होता. पटावरून आलेल्या बैलाला घाम असतो, त्याला वारं लागू द्यायचं नसतं, म्हणून आमच्याकडे लगेच झूल घालतात. तसंच मोटारीलाही. मायनं जुन्या लुगड्यांची जाड वाकळ शिवून, तिला कडेनं आरसे लावून, खास मोटारीच्या नाकावर घालायची झूल केली होती. वाफ निघत असतानाच बाबा ती झूल नीट खालपर्यंत ओढायचे, कानाकोपरा दाबायचे आणि झाकणावर हात फिरवून म्हणायचे, "आराम कर आता." मी आज हसते, पण तेव्हा आम्हाला कुणालाच ते चुकीचं वाटलं नाही. उलट जिनवाल्यानं गाडी उघडी ठेवून तिची हेळसांड केली, असंच आमचं मत होतं.

मी त्या वेळी लग्नाला आलेली. आमच्याकडे ते असंच म्हणत, पीक काढणीला यावं तसं. पाहुणे येत, मी पाटावर बसे, मान खाली, डोक्यावर पदर, नजर पोह्यांच्या बशीवर. एक म्हणे रंग सावळा, दुसरा म्हणे उंची जास्त. त्याच दिवसांत, शेतं मोकळी झाल्यावर, दादानं गंमत म्हणून मला पडीत वावरात गाडी शिकवली. त्याला वाटलं असेल, चार हेलकावे खाऊन ही रडेल. मी रडले नाही. पहिल्यांदा ती माझ्या हातानं सरळ गेली तेव्हा मला कळलं की या जागी बसलं की मान खाली घालून चालत नाही, समोर बघावंच लागतं. मला ती गाडी आवडली. आवडली म्हणजे किती, ते शब्दांत सांगायचं तर घरातल्या कुठल्याही वस्तूसाठी मी कधी भांडले नव्हते, हिच्यासाठी भांडायला तयार होते. बाबांना हे ठाऊक होतं. ते वावराकडं पाठ करून उभे राहत, म्हणजे बघितलं नाही असं म्हणता यावं.

मग पातूरचं लग्न आलं. चुलतभावाचं. पातूरला जायचं तर मेडशीच्या पुढं सागाच्या जंगलातून घाट उतरावा लागतो. दादा आणि बाबा मोटारीतून निघाले, आम्ही बाकीचे बंड्यांतून, म्हणजे बैलगाड्यांतून, आदल्या दिवशीच गेलो होतो. दादा अख्खा घाट ब्रेकवर पाय ठेवूनच उतरला. अर्ध्यावर जळका वास सुटला, आणि खालच्या वळणाला त्यानं पाय दाबला तर तो भुसभुशीत मातीत रुतावा तसा नुसता खाली गेला, गाडी थांबेचना. शेवटी रस्त्याकडेच्या खडीच्या ढिगात नाक घालून ती उभी राहिली. दोघांनाही लागलं नाही, पण बाबांचा फेटा खडीत गेला. परतताना चढावर गाडी उकळली ती उकळलीच. मेडशीहून बैल मागवले, तिथून पुढं आमचे बैल लागले, आणि भर संध्याकाळी गावातून मिरवणूक निघाली. बाबा चाक धरून बसलेले, समोर बैलांच्या शेपट्या. आम्ही बंड्यांतून आधीच परत पोचलो होतो. माय दारात भाकरतुकडा घेऊन उभी होती ती तशीच आत गेली.

दादा दुसऱ्या दिवशी परीक्षेचं निमित्त काढून नागपूरला निघून गेला. बाबांनी रिसोडच्या एका व्यापाऱ्याला निरोप धाडला. त्याला गाडी नको होती, नुसतं इंजिन हवं होतं. विहिरीवर बसवून तो त्यानं पाणी उपसणार होता, बाकीचा सांगाडा भंगारात. हे ऐकलं तेव्हा मी चुलीपुढं होते. तवा तसाच ठेवून ओसरीवर गेले. बाबा पान लावत होते.

"बाबा, गाडी देऊ नका. मी चालवतो."

आमच्याकडे बायकाही बोलताना 'मी चालवतो' म्हणतात, परक्या माणसाला गंमत वाटते.

"दिगूले जमलं नाई, तुले जमन?"

"दादा पळवते. मी चालवीन."

"अन् तापली तं?"

"काहून तापते ते पाह्यतो पह्यले. कोणं पाह्यलंच नाई आजलोक."

बाबांनी सुपारी कातरली, बराच वेळ. मग म्हणाले, "व्यापारी बाजाराच्या दिसी येऊन राह्यला. त्याच्या पह्यले घाट उतरून, घाट चढून, बैल न लावता गाडी घरी आली पायजे. जे जनावर घाट चढत नाई ते कोठ्यात बांधून कायले ठेवू? आली तं तुह्याजवळ राहीन. नाई आली तं त्याच्या विहिरीवर."

मी कोठ्यात गेले आणि पहिल्यांदा झूल काढली. आमच्या घरी कापूस भाव येईपर्यंत ठेवायची रीत, आणि घरातल्या खोल्या भरल्या की उरलेला कोठ्यात रचला जाई, मोटारीच्या अगदी नाकापुढं. गाडीच्या पुढच्या जाळीआड पाणी थंड करणारं पितळी खोकं असतं, त्याच्या पातळ पट्ट्यांमधून वारा जातो. दादानं मला एवढं सांगितलं होतं. मी वाकून बघितलं तर पट्ट्याच दिसेनात. सगळीकडून कापसाचे तंतू ओढले जाऊन, वर धूळ आणि किडे बसून, त्यांचा नमदा तयार झाला होता. ओल्या वाफेवर झूल दाबली की तो आणखी घट्ट बसायचा. फड्याची, म्हणजे केरसुणीची, काडी घेऊन मी एका कोपऱ्यातून तो उचकला तर घोंगडीचा तुकडा निघावा तसा वीतभर तुकडा हातात आला. तो घेऊन मी बाबांकडं गेले.

त्यांनी तो बोटांत चुरगळला. "हा आपलाच कापूस होय?"

"आपलाच. नाकात बोळा घालून धावायले लावलं आपुन तिले."

"अन् झूल?"

"झुलीनं ऊब कोंडते, बाबा. ते बैल नोहे. तिले वारंच पायजे."

झुलीचं त्यांना लागलं. पण मी फड्याच्या काड्यांनी पट्ट्या साफ करत असताना ते मागच्या बाजूनं तांब्यातांब्यानं पाणी ओतत बसले, म्हणजे घाण आली त्याच वाटेनं बाहेर जावी. महादूला कापूस हलवायला लावला. मायनं झूल उचलून नेली आणि दुसऱ्या दिवशी ती तिच्याच पाठीखाली दुपारच्या झोपेला दिसली. आरसे टोचतात म्हणून तिनं ते उसवले होते.

ब्रेकचं मात्र मला उमगत नव्हतं. वावरात मी गाडी जोरात नेऊन पुन्हापुन्हा थांबवली आणि उतरून चाकामागच्या लोखंडी डब्यावर पाण्याचा थेंब सोडला. तवा तापला की नाही हे आम्ही असंच बघतो. थेंब चुर्र करून उडाला. म्हणजे दर वेळी पाय दाबला की तिथं चूल पेटते, आणि ती विझायला वेळ न देता पुन्हा पुन्हा दाबलं तर ब्रेक हरतो, इथवर कळलं. पण घाटात दाबायचं नाही तर उतरायचं कसं? बाबा बंडीच्या आसाला वंगण घालत होते. मी विचारलं, भरलेली बंडी उतारावर कशी धरता?

"वऱ्हूनच धरावं लागते," ते म्हणाले. "मधात गेल्यावर धरशीन तं वझं बैलायले रेटत नेते. उतार लागायच्या आंधीच बैल हळू करून घ्या, मंग खालपर्यंत त्यायच्याच पायानं उतरते."

मी तशीच उठून कोठ्यात गेले. गाडीचा हळू चालायचा दुसरा गिअर, तो उतार सुरू व्हायच्या आधीच टाकायचा. मग इंजिनच तिला धरून ठेवणार आणि ब्रेक थंड राहणार. आता माझ्या नातवाला हे कुणी तरी शिकवणीच्या वर्गात पैसे घेऊन शिकवतं. मला ते वंगणाच्या डब्याशेजारी मिळालं.

निघायच्या दिवशी माय लवकर उठली. भाकरी, ठेचा, कांदा एका फडक्यात बांधला, पाण्याचे दोन डबे भरून दिले. माझा पदर तिनं डोक्यावरून घेऊन गळ्याशी गाठ मारून बांधला, म्हणाली, "उडाला की सावरत बसशीन, हात चाकावरच राह्यले पायजे." मग बाबांकडं न बघता म्हणाली, "पोरीले मधामधात शिकवू नका." बाबा शेजारी बसले. फेटा घट्ट, एक डबा पायांत धरलेला, चेहरा पंच म्हणून बसल्यासारखा.

मेडशीपर्यंत पोचलो. काटा अर्ध्यावर शांत होता. घाट लागायच्या आधी मी गाडी हळू केली, दुसरा गिअर टाकला आणि ब्रेकवरचा पाय काढला. गाडी मोठ्यानं गुरगुरत, स्वतःला धरत उतरायला लागली. पहिल्याच उतारावर बाबांचा पाय खालच्या पत्र्यावर दाबला गेला, जणू तिथं ब्रेक होता.

"दाब, दाब ब्रेक!"

"नाई दाबत. वऱ्हून धरलं हाये."

"सुमन, मी सांगून राह्यलो!"

"तुमीच सांगतलं होतं, बाबा."

मला भीती वाटली नाही असं म्हणणं खोटं होईल. डोळ्यांपुढं खडीचा ढीग होता. पण पाय मी हलवला नाही. ज्या वळणाला दादा घुसला होता, नेमकं त्याच्या वर, एक शेरडांचा कळप रस्त्यात आला. तेव्हा मी ब्रेक दाबला, एकदाच, पूर्ण. गाडी जागच्या जागी थांबली. शेरडं आमच्याकडं बघत, चघळत निघून गेली. बाबांनी खाली उतरून चाकामागच्या डब्यावर थेंब सोडला. तो नुसता ओघळला. मग त्यांनी पुन्हा येऊन पाण्याचा डबा पायांत धरला.

खरी परीक्षा चढाची. पातूरला सावलीत बसून आम्ही भाकर खाल्ली, आणि ऊन कलायला लागल्यावर परत फिरलो. मला वाटलं होतं पट्ट्या साफ केल्या म्हणजे झालं. पण वारा पाठीमागून होता, आमच्याच चालीचा, त्यामुळं नाकावर तो लागेचना. निम्म्या चढावर काटा सरकायला लागला. बाबा माझ्याकडं नाही, काट्याकडं बघत होते. तो तांबड्या रेघेशी आला तशी त्यांनी डब्याचं झाकण उघडलं.

"थांबव. पाणी घालू."

पुढं वळणावर रस्ता जरा रुंद होता. तिथं मी गाडी वळवून तिचं नाक वाऱ्याकडं केलं आणि उभी केली, पण इंजिन बंद केलं नाही. उलट पाय थोडा दाबून ते जोरानं फिरू दिलं. बाबा डबा घेऊन उतरले, पुढं आले, फडक्यानं पितळी खोक्याच्या झाकणाला हात घातला. लाल तापलेल्या इंजिनात थंड पाणी गेलं की लोखंड तडकतं, हे जिनवाल्याचा ड्रायव्हर दादाला सांगत असताना मी ऐकलं होतं. झाकण उघडलं असतं तर आधी बाबांचा हात भाजला असता आणि मग इंजिनाचे दोन तुकडे झाले असते. मी उडी मारून उतरले आणि त्यांचं मनगट धरलं. बापाचं मनगट धरायची आमच्या घरात रीत नव्हती. त्यांनी ते झटकलं, मी सोडलं नाही.

"पाणी उकळून राह्यलं अन् तू हात धरते?"

"पटावून आलेल्या बैलाले लगेच पाणी पाजता का तुमी?"

त्यांचा हात झाकणावरून मागं आला.

"नाई नं पाजत? काय करता?"

"आंधी फिरवतो."

"मंग हिलेही फिरू द्या. इंजिन चालू हाये, म्हंजे फिरूनच राह्यली ते. आतलं पाणी फिरते, पंखा फिरते, अन् वारा सामोरून हाये. थांबा फक्त."

ते थांबले. डबा खाली ठेवला आणि दगडावर बसले. आम्ही दोघं त्या काट्याकडं बघत होतो, पहिलटकरीण गाय व्यायला बसली की बघतात तसे. मनात मी त्याला विनवत होते, धमकावत होते. इंजिन घरघरत होतं, सागाची वाळली पानं रस्त्यावरून जात होती. काटा रेघेवर होता. मग रेघेच्या जरा अलीकडं. मग आणखी अलीकडं. बाबांनी सदऱ्याच्या खिशातून पान काढलं, पण खाल्लं नाही, हातातच ठेवलं. काटा निम्म्यावर आला तेव्हा ते उठले, गाडीत बसले आणि म्हणाले, "चाल. पण जीव नको काढू तिचा." तसा काही मी काढणारच नव्हते. हळू, एका चालीनं, वळणामागून वळण, आम्ही माथ्यावर आलो. माथ्यावर काटा पुन्हा रेघेजवळ होता, पण रेघेपलीकडं गेला नाही.

मेडशी मागं पडली. मला गाणं म्हणावंसं वाटत होतं, पण बाबा शेजारी होते म्हणून मनातच म्हटलं. ऊन उतरलं होतं, रस्त्यावर गुरं परतत होती. आमच्या गावच्या अलीकडच्या नाल्याशी पोचलो तेव्हा पलीकडं वेशीत लोक जमलेले दिसले. महादू दोन्ही बैल दोरखंडासकट घेऊन तयारच उभा होता. त्याच्या मागं तो म्हातारा, बायका, पोरंटोरं. मला वाटलं, आता बाबा फेटा सारखा करतील, छाती काढतील. ते म्हणाले, "थांब."

मी थांबले. ते खाली उतरले. पाण्याचे डबे उतरवून घेतले, फडकं खांद्यावर टाकलं.

"काहून उतरले, बाबा? आलं नं घर."

"मी बसलो तं म्हणतीन, बापानं हाकत आणली," ते म्हणाले. "तू एकटी ने. मी येतो पायी."

ते नाल्यातल्या दगडांवरून डबे सांभाळत पुढं निघाले, रस्ता सोडून, बाजूनं, म्हणजे गाडीच्या आड यायला नको. मी पहिला गिअर टाकला, मान वर केली आणि वेशीकडं निघाले.